पलीकडच्या टेबलावरून

नांदगाव खंडेश्वर,
शुक्रवार

प्रिय रागिणी,

पत्र पाहून घाबरू नकोस. आचल मजेत आहे. भगवंतमामाच्या बकरीच्या पिलामागे दिवसभर उंडारते आणि संध्याकाळी मातीने माखून येते. माझं ब्लडप्रेशरही ठीक आहे. मग पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तू म्हणशील. पण फोनवर तू "हो आई, बरं आई, जेवल्या का आई" करून माझं बोलणं दोन मिनिटांत गुंडाळतेस. आणि अमरावतीत समोरासमोर असलो की लॅबमधून दमून आलेला तुझा चेहरा पाहून मी ठरवलेलं सगळं गिळते आणि भाजी कोणती करू ते विचारते. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं मी पोरांना पत्रलेखन शिकवलं. मामांनी आंबे पाठवले, त्यांचे आभार माना. सहलीला जायचं आहे, वडिलांकडे परवानगी मागा. मनातलं लिहा असं मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला सांगितलं नाही. आता प्रयत्न करते. भगवंत उद्या पंपाचं सामान घ्यायला अमरावतीला येतो आहे, त्याच्या हाती हे देईन.

इथे येऊन आठवडा झाला, पण पाय एका जागी ठरत नाही. माहेर आहे, वहिनी हातात ताट देते, कुलर माझ्याकडे वळवून देते, कोणी कामाला हात लावू देत नाही. तरी मी उठून ओट्यावर जाते, ओट्यावरून फाटकाशी जाते, तिथे उभी राहून रस्ता पाहते आणि उगीच परत येते. वर्तमानपत्र घेते, एक बातमी अर्धी वाचून ठेवून देते. काल आचल म्हणाली, "आजी, तू बसून कावून नाही राहत? तुले मुंग्या चावून राहिल्या का?" वहिनीला हसू आलं. मला नाही आलं. होळीनंतर आपण अकोल्याहून परत आलो, त्या दिवसापासून हे असंच चाललं आहे. तुला दिसलं नाही, कारण तू सकाळी निघतेस ती सांजेला येतेस.

आपलं बर्गरचं खूळ कसं सुरू झालं, तुला आठवतं? नितेश गेला त्याला आता पाच वर्षं होतील. दुसऱ्या लग्नाचं मीच तुझ्यामागे लावलं होतं, आणि तू टाळत टाळत शेवटी गेल्या दिवाळीत "बघू" म्हणालीस. पण स्थळ घरी बोलवायचं कसं? बैठकीत नितेशचा फोटो, आणि शेजारच्या मैनाबाईचं दार नेमकं आपल्या दारासमोर. तुझ्या माहेरी न्यावं तर तुझे भाऊ मनापासून तयार नव्हते. मग पहिल्या स्थळानेच सुचवलं की बाहेर भेटू. बडनेरा रोडवर कंपनीचं बर्गरचं दुकान आहे, एसी असतो, कॉलेजच्या पोरापोरींशिवाय ओळखीचं कोणी येत नाही. तू म्हणालीस, "आई, तुमी याल तरच मी जाईन." मी म्हटलं, येते, पण तुमच्यात बसणार नाही. पलीकडच्या टेबलावर बसेन, अनोळखी बाईसारखी. आता अशा ठिकाणी नुसतं बसणं बरं दिसत नाही, काहीतरी घ्यावं लागतं. म्हणून सुभद्रा मास्तरीण, वय वर्षं साठ, आयुष्यातला पहिला बर्गर खायला बसली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅम, मील करू का?" मला वाटलं, जेवणाचं विचारते आहे. म्हटलं, नको ग बाई, जेवून आले. ती हसली आणि कागदात गुंडाळलेला एक बर्गर पुढे सरकवला. पाव कापसासारखा, आत आलूची चपटी टिक्की, वर गोडसर पांढरी चटणी. भाव म्हणशील तर आपल्याकडच्या दोन आलूबोंड्यांएवढा. पण आलूबोंडा खाल्ला की पोटाला कळतं, कोणीतरी आलं म्हणून. हा आला आणि गेला, पोटाला पत्ताच नाही. तिकडे तो गृहस्थ मोबाइलवरचं कूपन दाखवून एकावर एक फुकट घेत होता. काटकसर मला कधीच वाईट वाटत नाही. वाईट हे वाटलं की गरम होता तो त्याने आपल्याकडे ओढला आणि मागून दिलेला तुझ्यासमोर ठेवला. खाताना त्याची नजर मोबाइलवरून उठली नाही, आणि उठली तेव्हा त्याने विचारलं, "मुलगी आजीकडेच राहील ना?" तू पर्स उचललीस. ऑटोत बसल्यावर मी विचारलं, कसा वाटला? तू म्हणालीस, "माझं राहू द्या, तुमाले बर्गर कसा वाटला?" आणि आपण दोघी राजापेठेपर्यंत हसत गेलो. ऑटोवाला आरशातून पाहत होता.

जानेवारीतलं दुसरं स्थळ मोठं होतं. त्यांचा स्वतःचा क्लास, दुमजली घर, आणि भेटायला निवडलेली बर्गरची कंपनीही महागातली. तिथला बर्गर इतका उंच की वरून लाकडी काडी खुपसून त्याला उभा ठेवला होता. माझा जबडा तेवढा उघडत नाही, दाढा काढल्यापासून तर नाहीच. शेवटी मी तो थराथराने खाल्ला. आधी वरचा पाव, मग काकडी, मग चीज, मग टिक्की. खोटं कशाला बोलू, एकेक जिन्नस चांगला होता. टिक्कीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी पानं ताजी चिरून घातलेली कळत होती, मिरचीला चव होती. पण सगळं मिळून एक घास काही होईना, आणि पैसे मात्र चार घासांचे. गाणी इतकी मोठ्याने लावलेली की मुलाच्या आईला ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे मला आयतंच ऐकू आलं. "आमच्या घरच्या बाया दुसऱ्याचं रक्त नाही काढत," त्या म्हणाल्या. तुझ्या लॅबच्या नोकरीबद्दल. तू फार गोड हसलीस आणि म्हणालीस, "मी इतक्या हलक्या हाताने काढते, समोरच्याला कळतसुद्धा नाही." मला पलीकडे ठसका लागला. वेटर पाणी घेऊन धावत आला.

त्यानंतर आपल्याला नादच लागला. स्थळबीळ काही नसताना तुझ्या पगाराच्या दिवशी आपण आचलला घेऊन आणखी एका कंपनीत गेलो, मग पहिल्या ठिकाणी पुन्हा एकदा, नीट तुलना करायला. कोणाचा पाव टाळूला चिकटतो, कोणाचे आलूचे लांब काप दोन मिनिटांत वाळून काड्या होतात, कोणाकडे जास्तीचा सॉस मागितला की कपाळाला आठी पडते. आचल बर्गरसोबत मिळणाऱ्या खेळण्यावरून निकाल द्यायची, तू भावावरून, आणि मी बसायला किती वेळ देतात त्यावरून. त्या दिवसांची मी वाट पाहायला लागले होते, हे तुला कधी बोलले नाही. आपल्या घरात बाहेर जाणं म्हणजे दवाखाना, बँक किंवा कोणाचं तरी तेराव्याचं जेवण. नुसतं मजेला म्हणून मी कोणाबरोबर बाहेर पडले होते ते आठवतच नाही.

मग होळीनंतर देवानंदचं स्थळ आलं. अकोल्याला जठारपेठेत चष्म्याचं दुकान, बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही. आपण बडनेऱ्याहून गाडीने निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत तू नवीन ड्रेसची ओढणी चारदा सारखी केलीस. अकोल्याच्या त्या दुकानात मी नेहमीप्रमाणे लांबचं टेबल धरलं. तो आला, तुला नमस्कार केला, आणि बसायच्या आधी वळून सरळ माझ्यापाशी आला. "मावशी, तुमी यांच्यासोबतच आल्या ना? मंग अशा परक्यासारख्या कावून बसल्या? चला तिकडे." मी म्हटलं, मी कोणाची कोणी नाही, मी बर्गर खायला आले आहे. तर म्हणतो, "बर्गर खाणारी बाई त्या टेबलाकडे इतकं वळूवळू पायत नाही." काय करणार, आले उठून. त्याने काउंटरवरून सुरी मागून आणली आणि माझ्या बर्गरचे चार तुकडे करून दिले, न विचारता, न बोलता. पाव जरासा शेकलेला होता, टिक्की जाड आणि आतपर्यंत गरम, भाव मधला. इतक्या ठिकाणी खाऊन सांगते, पैसा वसूल म्हणावा तर तोच. मग मी फ्राईज आणायचं निमित्त करून उठले आणि मुद्दाम लवकर परत आले नाही. काउंटरपाशी उभी राहून तुझ्याकडे पाहत होते. आधी तू काहीतरी सांगून हसलीस, तोंडावर हात न ठेवता. नितेश असताना तू तशी हसायचीस. नंतर कधीतरी पुन्हा पाहिलं तर तू मान खाली घालून पेल्यातला बर्फ हलवत बसली होतीस. तेवढ्यात काय झालं, ते मला कळलं नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं तेव्हा तू खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, "नाही आई. अकोल्यात ऊन लय असते." अग, अमरावतीत काय बर्फ पडतो? पण मी हे बोलले नाही. तू नाही म्हणालीस आणि मला आतून हायसं वाटलं. तू आणि आचल कुठे जाणार नव्हता. घरी आल्यावर मी हात धुऊन शिरा करायला घेतला, कशाबद्दल ते माझं मलाच सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू डबा भरताना काहीतरी गुणगुणत होतीस. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तू एकदम थांबलीस. कढईत भाजी होती, ती उगाच हलवायला लागलीस. त्या सकाळपासून माझी घालमेल सुरू झाली. सुनेने सासूला भिऊन बोलणं थांबवावं, हे मी समजू शकते. पण तू मला भीत नाहीस. मग आनंद कोणापासून लपवत होतीस?

म्हणून परवा, बुधवारी, भगवंताला "डोळे तपासून येते" सांगून मी एकटी अकोल्याला गेले. तसं ते खोटं नव्हतं, चष्म्याचंच दुकान आहे ना. देवानंद एका म्हाताऱ्या बाईंना फ्रेम बसवून देत होता, कानामागे टोचते का ते परत परत विचारत होता. मला दारात पाहून थबकला. "मावशी, नंबर तपासाचा आहे का मले तपासाले आल्या?" मी म्हटलं, दोन्ही. त्याने आधी खरंच डोळे तपासले. माझा नंबर वाढला आहे. मग दुकान भावावर सोपवून म्हणाला की या उन्हात बसून बोलायला गार जागा म्हणजे तीच, आणि आम्ही पुन्हा त्या बर्गरच्या दुकानात जाऊन बसलो. तिथे त्याने एक गंमत सांगितली. तुला भेटायच्या आधी तो अकोल्यातल्या सगळ्या बर्गरवाल्यांकडे एकेकदा एकटाच जाऊन बसून आला होता. "एका ठिकाणी गाणे मोठे, दुसरीकडे खाणं झालं का लगेच टेबल पुसाले येऊन राह्यते. असं असल्यावर माणूस बोलन कसा?" मी त्याला आपला अमरावतीचा निकाल सांगितला, काडी खुपसलेल्या बर्गरसकट. इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. मलाही हसू आवरेना. मग मी हसता हसताच विचारलं, त्या दिवशी मी उठून गेल्यावर काय झालं?

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "त्यांनी मले एकच गोष्ट विचारली. सासूबाई माझ्यासोबत राहतील, चालन का? मी म्हटलं, चालन ना, घर मोठं आहे. तर त्या गपगार झाल्या. मंग म्हणे, तुमी इतक्या लवकर हो कावून म्हटलं? बाकीचे तर नाही म्हणतात." बिचाऱ्याला अजून कळलेलं नव्हतं, आपलं चुकलं कुठे. त्याने मला विचारलं, "मावशी, थोडं थांबून हो म्हणाले पाह्यजे होतं का?" मला मात्र सगळं कळलं. तू प्रत्येकाला तेच विचारलं असशील. ते नाही म्हणत होते, तोवर तुला काही ठरवायचं नव्हतं. सासू आहे, तिला कसं सोडू, यापुढे कोणी बोलूच शकत नाही. हा हो म्हणाला आणि तुझ्यापाशी माझं निमित्त उरलं नाही, म्हणून तू ऊन शोधलंस. रागावून लिहीत नाही ग. एकदा मांडलेला संसार हातातून असा गेल्यावर पुन्हा मांडायला हात धजत नाही, हे मला कोणी सांगायला नको. माझाही मुलगा होता तो.

पण रागिणी, त्या सगळ्यांना विचारलंस, मला एकदाही विचारलं नाहीस. मी अकोल्याला राहायला येणार नाही. देवानंदलाही तसं सांगून आले. लोक काय म्हणतील म्हणून नाही, आणि त्याचं घर परकं वाटेल म्हणूनही नाही. मी वडिलांच्या घरून सासूच्या हाताखाली आले, मग तुझ्या सासऱ्यांचं दुखणं, मग नितेश, मग तू आणि आचल. एका माणसापुरता भात किती लावायचा, ते मला आजही माहीत नाही. ते मला माहीत करून घ्यायचं आहे. सकाळी उठून वडाळीच्या तलावापर्यंत चालत जायचं आहे, आल्यावर वाटलं तर चहा, नाही तर नाही. आजूबाजूची चौथीची पोरं शिकवायला घ्यायची आहेत. आचल नसलेलं घर कसं असेल, याचा विचार नकोसा होतो, ते नाकारत नाही. पण ते माझं मी पाहीन, आणि सुट्ट्या लागल्या की ती आजीकडे येईलच. गेला आठवडाभर फाटकाशी जाऊन रस्ता पाहत होते, मला वाटलं तुझी काळजी. परवा अकोल्याच्या स्टेशनवर परतीचं तिकीट एकटीने काढलं, खिडकीशी जागा मिळाली, कोणाला कळवायचं नव्हतं, कोणासाठी उतरायचं नव्हतं, आणि कितीतरी दिवसांनी मी शांत बसले. तेव्हा कळलं, ती नुसती तुझी काळजी नव्हती. मलाही कुठेतरी जायचं होतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. परवा रविवारी दुपारी देवानंद आपल्या घरी जेवायला येतो आहे. मी बोलावलं आहे, तुला न विचारता. त्याबद्दल माझ्यावर रागाव, मी ऐकून घेईन. मी आणि आचल मात्र सोमवारी सकाळच्या एसटीने येऊ, त्याआधी नाही. भगवंताबरोबर मळ्यातली वांगी पाठवली आहेत. भरीत कर, किंवा वांगी त्याच्या हातात दे आणि त्याला करू दे. दार उघडं ठेव, कोणी पाहिलं तर पाहू दे. तुला त्याला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. मला भीती वाटते म्हण, माझं मन अजून नितेशवरून निघालं नाही म्हण, तुम्ही मला आवडला नाहीत म्हण. यातलं जे खरं असेल ते म्हण, आणि मी तुला एका शब्दाने विचारणार नाही. पण माझं नाव घेऊन नाही म्हणू नकोस. आणि हो म्हणावंसं वाटलं, तर माझी परवानगी मागायला फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

तुझीच,
सुभद्रा